चार म्हणण्याआधी

गायिका : दार लाव आधी. आणि असं तोंड पाडून उभा राहू नकोस, कोणी मेलेलं नाही.

ड्रमर : तुला कळलं वाटतं.

गायिका : कळणार नाही तर काय? कानात हे यंत्र आहे ना माझ्या. मॅनेजरच्या माइकचं बटण चालूच राहिलं होतं. आयोजकाचा शब्द न् शब्द ऐकला. 'आवाज फक्कड आहे हो, पण इतकी काळी बाई मधोमध कशाला? मागे ठेवा हिला, ड्रमच्या पलीकडे. लाइट नको. पुढे ती गोरी नाचणारी पोर उभी करा.'

ड्रमर : नालायक माणूस आहे तो.

गायिका : तो आहेच. पण तू, गिटारवाला आणि मॅनेजर, तिघंही तिथेच होतात. तुमचं काही ऐकू आलं नाही, म्हणून विचारते. मधेच बटण बंद झालं का?

ड्रमर : नाही.

गायिका : मग?

ड्रमर : गप्प बसलो आम्ही. अगं, पण बाहेर आल्यावर गिटारवाला किती भडकला होता! मी तर सणसणीत शिवी घातली.

गायिका : कोणाला?

ड्रमर : अशीच. जिन्यात.

गायिका : जिन्याला! वा रे पठ्ठ्या.

ड्रमर : थट्टा करू नकोस गं. मला वाईट वाटत नाही का?

गायिका : वाटतं रे, माहीत आहे मला. त्या लॉजवाल्याने मला खोली नाही म्हटलं, तेव्हा गाडीत माझ्यासोबत जागत बसलास. मी विसरलेले नाही. पण त्याच्या तोंडावर तूही काही बोलला नव्हतास. एकटीला गाठलं की तुम्ही सगळे माझ्याच बाजूचे. चारचौघांत मात्र मी एकटी. फार एकटं वाटतं रे.

ड्रमर : काय करू, सांग. भांडू त्याच्याशी?

गायिका : भांडण नको, भाषण तर नकोच. तू काठ्या आपटून चार म्हणतोस, तेव्हाच सगळे वाजवायला लागतात ना? आज माझ्यावर लाइट येईपर्यंत मोजू नकोस. बास.

ड्रमर : एवढंच?

गायिका : एवढंच. आई आलीय आज. पहिल्यांदाच. तिच्या डोळ्यांचं तुला माहीत आहे. शेवटच्या रांगेतून तिला काय दिसणार? म्हणाली, 'तुझ्यावर लाइट असेल ना, मग ओळखीन मी.' हॉल उघडल्या उघडल्या येऊन बसलीय.

ड्रमर : नाही मोजणार. आईशप्पथ.

गायिका : कोणाच्या आईची?

ड्रमर : तुझ्या.

(स्टेजवर. पडदा अजून बंद. मॅनेजरचा आवाज सगळ्यांच्या कानातल्या यंत्रात.)

मॅनेजर : झाले ना सगळे तयार? कर सुरू.

ड्रमर : साहेब, तिच्यावर लाइट नाहीये.

मॅनेजर : ठरलंय तसं. तू सुरू कर.

ड्रमर : लाइट आल्याशिवाय मी मोजणार नाही.

गायिका : बरं वाटलं रे.

मॅनेजर : हे बघ, बाहेर लोक शिट्ट्या मारतायत. मला आज तमाशा नकोय. पुढच्या कार्यक्रमाला देऊ तिला लाइट, माझा शब्द. नाहीतर ऊठ तू, दुसरा बसवतो.

ड्रमर : पुढच्या कार्यक्रमाला नक्की?

मॅनेजर : नक्की रे बाबा.

ड्रमर : ऐकलंस ना? पुढच्या वेळी नक्की म्हणतायत.

गायिका : ऐकलं. माझ्याही कानात आहे ते.

ड्रमर : आईंना मी भेटतो नंतर. मी समजावतो त्यांना.

गायिका : काय समजावशील?

मॅनेजर : अरे, झोपलास का?

गायिका : पडदा उघडला की ती मला शोधेल रे. थोडा थांब ना.

ड्रमर : एक... दोन... तीन... चार.