गोठ्याची इजाजत

धोंडाबाई : माझा हिशेब साधा हाय, श्रीपादराव. महिन्याला तीन रुपये किराया, सरकारी हाली नाण्यात, वर्षाचे छत्तीस. वर म्हशीचं शेण काढायचं.

श्रीपाद : म्हैस कुठून आली, मावशी? परसातली खोली मी घेतोय.

धोंडाबाई : खोली तुमचीच. इजाजत गोठ्याची हाय. माणसांसाठी दरख्वास्त दिली, ती दोन साल कचेरीत पडून. गोठ्याची दिली, आठ दिसांत शिक्का. आता सफाईचा दारोगा म्हणतो, सोमवारी जनावर दिसलं न्हाई तर पाडून टाकतो.

श्रीपाद : सोमवारी सिंधू येणार आहे, मुखेडहून.

धोंडाबाई : बायको?

श्रीपाद : लग्नाला तीन वर्षं झाली. गिरणी सुरू झाल्यापासून नांदेडात जागा मिळत नाही. आम्ही पाच कारकून एका ओसरीवर निजतो. सासऱ्यांनी निरोप धाडला होता, स्वतःचं दार असलेलं घर बघा, मग पोरगी पाठवतो. मी कळवून बसलोय, दार आहे.

धोंडाबाई : हायच की. म्हैस जाईल एवढं रुंद.

श्रीपाद : आणि आम्ही निजायचं कुठं?

धोंडाबाई : ती दावणीकडं, तुम्ही चुलीकडं. गरीब हाय, लाथ मारत न्हाई.

(सोमवारी, दारोगा येऊन गेल्यावर.)

धोंडाबाई : पाडायचं म्हणला का?

श्रीपाद : नाही. म्हैस पसंत पडली. मग चुलीकडं बघून म्हणाले, ही बाई कोण?

धोंडाबाई : तुम्ही काय बोललात?

श्रीपाद : मी विचार करत होतो. तोवर सिंधूच म्हणाली, म्हशीची राखण करते, धार काढते. त्यांनी लिहून घेतलं. गोठ्यात राखणीला एक माणूस राहू शकतो म्हणे. एकच.

धोंडाबाई : पोरगी हुशार हाय.

श्रीपाद : मग माझ्याकडं बोट करून तिला विचारलं, हे कोण?

धोंडाबाई : मग?

श्रीपाद : म्हणाली, वळखत न्हाई.

धोंडाबाई : खोली वाचवली तिनं.

श्रीपाद : हो. माझी ट्रंक परत ओसरीवर नेली.

धोंडाबाई : किराया पैल्या तारखेला देत जावा. आन् असं मोकळ्या हातानं दाराशी येऊ नका, दारोगाची नजर हाय. पेंडी घेऊन या. कडबा आणणाऱ्याला कुणी पुसत न्हाई.

श्रीपाद : रोज आणला तर चालेल?

धोंडाबाई : म्हैस रोजच खाती. कडब्याचे पैसे तुमचे.