यंत्राची घरघर थांबेपर्यंत

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले विभागप्रमुख सर; ज्यांनी हे यंत्र इथे आणलं आणि आज त्याला निरोप द्यायला मुद्दाम आले ते आपले निवृत्त ज्येष्ठ सर; व्यासपीठावरील इतर मान्यवर, समोर बसलेले संशोधक, विद्यार्थी, कार्यालयातील सहकारी, आणि दाराशी पक्कड घेऊन उभे असलेले वायरमनकाका, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

ज्या क्षणी माझं सगळं बदललं, त्या क्षणी मला कोणीतरी म्हणालं होतं, "दार लाव आधी."

त्या दिवशी मी कॉलेज सोडून निघालो होतो. दुसरं वर्ष अर्धं झालं होतं. कार्यालयाच्या खिडकीवर अर्ज आपटला, जिन्यावरून दणादण उतरलो आणि रागाच्या भरात बाहेरचं दार समजून जे दार ढकललं, ते या भिंतीपलीकडच्या यंत्रखोलीचं निघालं. आत गारठा, कानठळ्या बसवणारा आवाज, छतापर्यंत गेलेले रॅक, आणि स्टुलावर स्वेटर घालून बसलेली एक पाठमोरी मुलगी. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, दार लाव आधी, गारवा जातोय.

मी दार लावलं. आत राहून लावलं, एवढंच.

अध्यक्ष महाराज, मला पाच मिनिटं दिलेली आहेत. मी जास्त घेणार आहे, आणि लपूनछपून नाही, सांगून घेणार आहे. भिंतीतून येणारी ही घरघर आपण सगळे ऐकताय. इथे वर्षानुवर्षं वावरणाऱ्यांना ती आता ऐकूही येत नसेल. यंत्राच्या पोटात काम भरलेलं असलं की त्याचे पंखे असे ओरडतात. काम संपलं की आवाज खाली बसतो. आत्ता त्याच्या पोटात शेवटचं काम आहे. ते ज्या मुलीचं आहे, ती या सभागृहात नाही; ती पलीकडे त्याच स्टुलावर पडद्याकडे बघत बसलेली आहे.

काल वीज गेली आणि तिची गणना अर्ध्यावर मेली. आज सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. प्रबंधातले बाकीचे सगळे आकडे तिने याच यंत्रावर मोजलेत. शेवटचा आकडा दुसऱ्या यंत्रावर मोजला तर तुलनाच उरत नाही. सगळं नव्याने मोजावं लागेल, आणि उद्या हे यंत्र नसेल. तिने प्रमुख सरांकडे थोडा वेळ मागितला. सरांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. नव्या यंत्राची माणसं खाली गाडीत बसलेली आहेत, त्यांना आजच वायरिंग सुरू करायचंय. सर नाही म्हणाले. मी मध्ये पडलो, आवाज चढवला, आणि मला खोलीबाहेर काढण्यात आलं. यात नवल काही नाही. इथे माझं नाव "भडक्या" आहे, आणि ते कोणी विनाकारण ठेवलेलं नाही. यंत्राच्या विजेच्या लाइनवर लावलेली चहाची किटली मी उकळत्या चहासकट कॉरिडॉरमध्ये नेऊन ठेवली होती. ती प्रमुखांची आहे हे नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी तिथेच ठेवली असती.

तर बाहेर काढल्यावर मी कार्यक्रमपत्रिका वाचली. त्यात लिहिलंय, शेवटच्या भाषणानंतर ज्येष्ठ सरांच्या हस्ते यंत्र बंद करण्यात येईल. शेवटचं भाषण माझं आहे.

मी तिला जाऊन सांगितलं, तुम्ही आत बसा, मी बोलत राहतो.

"तू? काय बोलणार?"

"येईल ते."

"भांडू नकोस म्हणजे झालं."

सर घड्याळ बघताहेत. साहजिक आहे. पण ज्येष्ठ सरांनी आत्ताच आपला पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला, ते आपण सर्वांनी पाहिलं. धन्यवाद, सर. मी पाणी पितो आणि यंत्राविषयी बोलतो, कारण निरोप त्याचा आहे.

हे यंत्र म्हणजे एक यंत्र नव्हे, रॅकमध्ये रचलेली पुष्कळ खोकी. प्रत्येक खोकं एक वेगळा संगणक. पंख्यांपुढचे धूळ अडवणारे फिल्टर झाडायला माणूस हवा म्हणून ज्येष्ठ सरांनी मला ठेवून घेतलं, तेव्हा मला एवढंही माहीत नव्हतं. तिने सांगितलं. ग्राफ म्हटल्यावर मला शाळेतला चौकटींचा कागद आठवला. ती म्हणाली, तो नव्हे, हा वेगळा. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, बास. ठिपका म्हणजे एक फोन. रेषा म्हणजे त्या दोन फोनांमध्ये कधीतरी झालेलं बोलणं. कोणाचं नाव नाही, गाव नाही. प्रश्न असा, की या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत कमीत कमी किती रेषांनी पोचता येईल? ठिपके इतके, की एका खोक्यात मावत नाहीत. मग वाटून द्यायचे. सगळी खोकी एकदम कामाला लागतात. एक फेरी झाली की शेजाऱ्यांना निरोप धाडतात, आणि सगळ्यांची फेरी संपेपर्यंत कोणीही पुढची सुरू करत नाही.

मी विचारलं, कोणीच नाही? ती म्हणाली, कोणीच नाही, शेवटचा येईपर्यंत सगळे थांबतात.

आता तुम्हीच सांगा, दुसऱ्या वर्षात वर्गाबाहेर पडलेल्या माणसाच्या कानाला हे कसं लागलं असेल? पहाटे अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना उठवून, पुसून, खाऊ घालून मी बस पकडायचो आणि पहिला तास रोज बुडायचा. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे कोणाला माहीत असायचं कारण नाही. शेवटच्या दिवशी मी दारात उभा होतो आणि सर फळ्याकडे वळता वळता म्हणाले, "तुमच्यासाठी वर्ग थांबणार नाही." सर आज अध्यक्षस्थानी आहेत. सर, मी तक्रार करत नाही. वर्ग थांबत नाही, हे खरंच आहे. मला फक्त एवढंच वाटलं, की जगात थांबणारं काहीतरी आहे, आणि ते भिंतीपलीकडे आहे.

मी तिला हे म्हटलं. मला वाटलं, तिचे डोळे पाणावतील. ती चिडली. म्हणाली, अरे, थांबणं हा काही यंत्राचा चांगुलपणा नाही. माझे सगळे दिवस त्याच थांबण्याशी भांडण्यात जाताहेत.

मग तिने घर बदलण्याचं उदाहरण दिलं. दहा माणसं सामान उतरवताहेत. नऊ जणांच्या हातात पिशव्या, एकाच्या पाठीवर फ्रिज. नऊ जण खाली जाऊन पायरीवर बसतात आणि वर बघून म्हणतात, काय हळू आहे हा. तिच्या ठिपक्यांमध्ये असाच एक ठिपका होता; ती म्हणायची, रुग्णवाहिकेचा फोन असावा. त्याला सगळ्यांच्या रेषा. तो ज्या खोक्याच्या वाट्याला येई, ते खोकं मागे पडे आणि बाकीची सगळी नुसती विजेचं बिल वाढवत बसत. तिचं संशोधन म्हणजे तो एक ठिपका कापून सगळ्यांत वाटायचा, आणि तरी उत्तर एकच निघेल असं बघायचं. सांगायला सोपं. कापलेले तुकडे आपसांत भांडायला लागतात, एक म्हणतो अंतर तीन, दुसरा म्हणतो चार. ते भांडण कमीत कमी बोलण्यात मिटवायचं, हीच तिची विद्या. मला ती कधी पुरती समजली नाही. मी फिल्टर झाडत होतो आणि ऐकत होतो.

पण त्या दिवशी ती पडद्याकडे बघत एक वाक्य बोलली. माझ्याविषयी नव्हे, खोक्याविषयी. "मागे राहिलेला मंद नसतो. त्याच्या वाट्याला काय आलंय ते बघायचं."

मी तिथून उठून दुसऱ्या रॅकमागे गेलो आणि बराच वेळ तिथले फिल्टर झाडत राहिलो. ते आदल्याच दिवशी झाडलेले होते.

अख्खा विभाग तिला ताई म्हणतो. शिपाई म्हणतात, पहिल्या वर्षाची पोरं म्हणतात, तिच्याहून मोठा असलेला ग्रंथपाल म्हणतो. मी तीन वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही. "अहो", "ऐका ना", "स्टुलावरच्या" अशी नाना तऱ्हांनी वेळ मारून नेली. हे कोणाच्या लक्षात आलं नसेल तर बरंच झालं. आलं असेल, तर माझं अर्धं भाषण वाचलं.

मागच्या रांगेत हसू नका. हसायचं तर मोकळेपणाने हसा, तेवढाच वेळ जाईल.

मी इतकं मोकळं बोलू शकतो, कारण पलीकडे तिला या पंख्यांपुढे काहीही ऐकू येत नाही. आणि आता एक गोष्ट सांगतो, ती मलाही इथे उभं राहिल्यावरच नीट दिसली. ही गणना पुरी झाली की प्रबंध पुरा होतो. प्रबंध पुरा झाला की ती उद्या सकाळी जाते. नोकरी ठरलेली आहे, बॅग भरलेली आहे, समुद्र ओलांडायचा आहे. गणना अर्ध्यावर मेली तर ती राहते, कदाचित आणखी वर्षभर. म्हणजे मला काही करायचंच नव्हतं. पाच मिनिटं बोलून खाली बसायचं होतं. वायरमनकाका, सकाळी मी तुमच्याशी भांडलो तेव्हा तुम्ही विचारलंत, तुझं काय जातंय रे यात? तेव्हा मी उत्तर दिलं नाही. काका, यंत्र बंद झालं तर माझं काहीच जात नाही. चालू राहिलं, तर जातं.

तरी मी बोलतो आहे. कारण फ्रिज तिच्या पाठीवर आहे, आणि पायरीवर बसून वर बघणं मला जमत नाही. मला राग लवकर येतो, ते याच कारणाने, असं मला वाटतं. या यंत्राने मला...

ऐकलंत?

आवाज खाली बसला.

असा आवाज बसला की आपण सगळे जरा हळू बोलायला लागतो, बघा. पंखे मंदावले. शेवटच्या खोक्याची शेवटची फेरी संपली. आकडा आला, सर. नव्या यंत्राच्या माणसांना वर बोलवायला आता हरकत नाही.

मी आवरतो. ज्येष्ठ सरांनी मला काहीही न विचारता ठेवून घेतलं आणि आज पाणीही दिलं, त्यांचे आभार. अध्यक्षांनी मला बसा म्हटलं नाही. सर, आज आपण माझ्यासाठी सगळं सभागृह थांबवलंत, हे मी विसरणार नाही. वायरमनकाकांनी पक्कड खिशात ठेवली, त्यांचे आभार. यंत्राचे आभार मानले तर वेड्यात काढाल, म्हणून ते मनातल्या मनात मानतो. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळेचा तर राहिलाच आहे, तर वयाकडे आणि स्वभावाकडे बघून पदरात घ्या.

बटण दाबायचा मान ज्येष्ठ सरांचा. फक्त त्याआधी थोडा वेळ मला पलीकडे जाऊ द्या. भाषणातलं एक वाक्य राहिलंय, आणि ते या सभागृहासाठी नाही. आत्ता तिथे शांतता आहे. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिला मी न ओरडता ऐकू येईन.

आपण बसून घ्या. दार मी लावून घेतो.