दीडशे दाखवणारं घड्याळ

नाय भाऊ, ते छातीला बांधायचं नको, ते आत ठेवा तुमचं — सांगितलं ना, मला पेसमेकर बसवलेला हाय, हा बघा, इथं, डाव्या हाडाखाली, काडेपेटीएवढा — तुमचा तो पट्टा छातीतली वीज मोजतो म्हणं, अन् माझ्या छातीत तर दोन विजा, एक माझी अन् एक त्या मशिनची, मंग तो कुणाची मोजंल? डाक्टर म्हणले, पट्टा चुकू शकतो, कंपनीला इचारून घ्या. कंपनीला फोन लावला तर तिथली पोरगी म्हणती, तुमच्या डाक्टरला इचारा. मी आपली मधात. अन् ते बाजूचं, अंगातली चरबी सांगणारं, ते बी नको — ते अंगातून बारीक करंट सोडतं, पेसमेकरवाल्यांनी वापरू नये असं त्याच्या खोक्यावरच छापलंय, तुम्ही न वाचताच पुढं करू ऱ्हायले. चुंबकानं चिकटणारा पट्टा बी नको, चुंबक जवळ आलं की पेसमेकर बिघडतो म्हणं. झोपेत माणसाचा हात छातीवर येतो.

मी नवीन घ्यायला नाय आले, हे बदलून घ्यायला आले. घेताना बी तुम्हीच होते काउंटरवर — म्हणले, मावशी, हे मनगटावर बसून उजेडानं नाडी मोजतं, पेसमेकरशी ह्याचं काही देणंघेणं नाय. आता खोटं कशाला बोलू, बसल्या जागी बरोबर सांगतं, बसले की साठ, चालले की ऐंशी-पंच्याऐंशी. पण बसून ऱ्हायला कुणी घड्याळ घेतं का? मी लेझीम खेळते. हसा, हसा — समदेच हसतात, ह्या वयात लेझीम म्हणून. अंगणवाडीत सारी नोकरी गेली माझी, लेकरांना शिकवता शिकवता त्यांच्या मायांना शिकवली, आज आमच्या नगरातलं बायांचं पथक हाय ना, ते माझं हाय, पारूबाईचं. भीमजयंतीला क्रांती चौकातून भडकल गेटपर्यंत मिरवणुकीत खेळतो आम्ही. पांढऱ्या साड्या, निळे फेटे. पहिल्या जोडीत डाव्या अंगाला मी. कधीपासून, ते इचारू नका, माझं मलाच आठवत नाय.

मागल्या साली जयंती झाली अन् पुढच्याच महिन्यात मी मोंढ्यात भाजी घेता घेता पडले. नाडी पार खाली गेलती. मंग हे मशिन बसवलं. डाक्टर म्हणले, काही भ्यायचं काम नाय, जखम भरली की खेळा, फक्त ठोके एकशेवीसच्या वर जाऊ देऊ नका. झालं, आमचा बुद्धभूषण — ल्योक माझा, पुण्याला असतो — त्यानं तेवढंच धरलं. म्हणला, आई, खेळायचं तर घड्याळ घालून, अन् आकडा माझ्या मोबाइलवर दिसला पायजे. म्हणलं, बरं बाबा. म्हणून तर हे घेतलं.

अन् पहिल्याच सरावाला काय व्हावं? बुद्धविहाराच्या मागच्या मैदानात उभे ऱ्हायलो, ताशा सुरू झाला, दोन हात नाय मारले तर ह्यात दीडशे. तिकडं पुण्यात त्याच्या मोबाइलनं बोंब ठोकली. त्याचा फोन रूपाला — रूपा माझी सून, इथं माझ्यापाशीच ऱ्हाती, पथकात मागच्या रांगेत असती — की आईला थांबव, आत्ताच्या आत्ता थांबव. तिनं ताशा बंद करायला लावला, मला बाकड्यावर बसवलं, कुणी पाणी आणतंय, कुणी पदरानं वारा घालतंय. माझ्या हाताखाली शिकलेल्या बाया, अन् मी त्यांच्यासमोर दवाखान्यातल्या पेशंटवानी. तुम्हाला सांगते भाऊ, लाज वाटली मला, लई लाज वाटली.

पण मी काय अडाणी नाय. घरी येऊन इचार केला — मला ना धाप, ना घाम, मंग दीडशे आले कुठून? तर हे बघा, लेझीम हातात अशी खळकन् बसती ना, तो हिसका मनगटाला बसतो, अन् हे तुमचं शहाणं यंत्र त्या हिसक्यालाच नाडी समजतं. लेझीम मोजू ऱ्हायलं ते, मला नाय. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी सरितेच्या हातात बांधलं. सरिता कोण? माझ्या जोडीची. दगड खाऊन पचवंल अशी तब्येत तिची. तिचे बी दीडशेच्या वर. ती बिचारी इतकी घाबरली की जाऊन ईसीजी काढून आली. पैसे वाया गेले म्हणून नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्या, ते वेगळंच.

हे समदं मी भूषणला फोनवर समजावून सांगितलं. म्हणला काय? आई, मशिनशी वाद घालू नको. आता सांगा, आतलं मशिन वेगळं, हातातलं मशिन वेगळं, पोराच्या खिशातलं वेगळं — तीन मशिनी मिळून एका बाईची पंचाईत करू ऱ्हायल्या, अन् जिचं काळीज हाय तिला कुणी इचारंना. डाक्टरला तरी फुरसत हाय का? पाच मिनिटं उभं करतो, त्यात तीन मिनिटं त्याचाच फोन. आता जयंती तोंडावर आली अन् मी अजून हेच ठरवू ऱ्हायले, की मला काय बांधावं.

काय म्हणता? दंडाला? बघू — हे वर बांधायचं, कोपराच्या वर? व्हय, दंडाला मनगटावानी हिसका बसत नाय, ते खरंय. ह्याला बी करंट नाय ना? नुसता उजेडच? अन् उजव्या दंडाला बांधलं तर चालतं, पेसमेकरपासून लांब. आवं, मंग हे आधी कामून नाय दाखवलं? घंटाभर झालं माझं डोकं पिकवू ऱ्हायले. बांधा. जरा घट्ट. असं — एक, दोन, वर, खाली — किती? शंभरच्या आत? परत करते, जोरात करते. तरी शंभरच्या आत. बरोबर दाखवतं म्हणायचं हे.

म्हणजे हे घातल्यावर भूषणचा फोन येणार नाय.

नाय, काही नाय झालं. बसते जरा ह्या स्टुलावर. फोन येणारच नाय म्हणा — मंग थांबायचं कसं? तसं नाय म्हणायचं मला. तुम्हाला आमचा कायदा माहीत नाय ना, म्हणून. आमच्यात असं हाय, की खेळ रंगात असताना जिनं स्वतःहून लेझीम खाली केली, तिनं त्या सालापुरतं मागच्या रांगेत जायचं. लेकरू रडलं, कुणी हाक मारली, घरून फोन आला, तर ते धरत नाय, तिची जागा तिलाच ऱ्हाती. हा कायदा कुणी केला? मीच केला. चांगल्या चांगल्या बायांना मागं पाठवलंय म्या, रडल्या तरी पाठवलंय. सरितेला बी एक साल पाठवली व्हती, बाळंतपणातून उठून आलेली, तरी. तव्हा वाटायचं, शिस्त म्हणजे शिस्त.

त्या दिवशी मी म्हणलं ना, ना धाप ना घाम — ते तसंच व्हतं म्हणा, जवळपास. पहिलं कसं, दमायला लागलं की काळीज कानात वाजायचं, कळायचं आपलं आपल्याला, आता थोडं हळू कर पारूबाई. आता आत नुसतं टिकटिक टिकटिक, एका मापानं, अन् पाय मात्र एकदमच सोडून देतात. सांगून सवरून नाय, एकदमच. रूपा मोबाइल घेऊन पळत आली ना माझ्याकडं — तिच्या आधीच माझा लेझीमचा हात खाली आलता. आधीच आलता, भाऊ. फोनमुळं नाय. समद्यांना वाटलं फोनमुळं, अन् मी बी बाकड्यावर बसून पोराला वाटंल ते बोलले, मशिनला शिव्या दिल्या. सरिता बाजूलाच व्हती. तिनं बघितलं असंल. बोलली नाय ती, अजून बोलली नाय.

काढा हे दंडाचं. काढा म्हणते ना, चांगलं हाय, पण नको. खोक्यात घाला परत. अन् माझं ते पहिलं घड्याळ द्या इकडं, बदलायचं नाय ते. व्हय, तेच, चुकीचंच. भूषणला वाटू द्या काय वाटायचं ते. क्रांती चौकातून निघताना पहिल्या जोडीत मी असंन, पुढं फोन आला की बसंन मिरवणुकीच्या गाडीत, माझी जागा माझीच ऱ्हाईल. अन् ते गिऱ्हाईक कवाचं उभंय मागं, त्यांच्याकडं बघा — मला नका सांगू आता, कोणतं बरोबर दाखवतं ते.