न दबणारी मोटर

चांगला चालणारा माल परत आणून देणारं गिऱ्हाईक मला माझ्या मोटरच्या दुकानात एकदाच भेटलं. पारनेरकडचे शांतवनमामा, पिठाची गिरणी चालवणारे. त्यांची जुनी मोटर दाणे पडले की दबायची, वेग आणि आवाज उतरायचा, त्यामुळे पीठ कधी बारीक, कधी भरड. मी लोड बघून मोठी मोटर दिली, वर स्पीड धरून ठेवणारा ड्राइव्ह. बाजरी टाका, हरभरा टाका, आवाज जरासुद्धा बदलेना.

आठवड्यात मामा सगळं टेम्पोत घालून हजर. "जुनीच बसवून द्या."

"का हो मामा, बिघडली का?"

"न्हाई, लई चांगली हाय. पन आमची कारभारीन, रूथ, भिंतीपल्याड अंथरुणाला खिळलीय. मोटर कशी दबली त्यावरनं तिला कळायचं, बाजरी पडली का हरभरा. आतनं विचारायची, बाजरी कुनाची हो? मी नाव सांगितलं की त्या घरची सगळी चौकशी. आता दिवसभर एकच आवाज. काल म्हनली, आज कुनीच आलं न्हाई व्हय? दारात रांग हुती."

मी जुनी बसवून दिली.

परवा मामा परत आले. चहा समोर तसाच. मी विचारलं, "मोटर जास्तच दबायला लागली का?"

"दबती की, पहिल्यासारखीच. बाजरी पडली की मी अजून भिंतीकडं बघतो. पन पल्याड विचारनारं आता कुनी न्हाई."

मग म्हणाले, "ती तुमची न दबनारी मोटर असंल, तर बसवा आता."