हँडलला अडकवलेला डबा

टाउनशिपच्या दवाखान्यात मी नंबरची वाट बघत होतो. पुढच्या बाकावर एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांची बायको बसली होती. गृहस्थ मोबाइलवर आलेला चलानाचा फोटो बघून तापले होते.

"सिग्नल तोडला म्हणे, करोंदच्या चौकात! शशिकला, मी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कशाला मरायला जाऊ?"

"हळू बोला. लोक बघताहेत."

"बघू देत. हे कॅमेरे बंदच केले पाहिजेत. शेजारचे नीळकंठराव त्यासाठी क्वार्टर-क्वार्टर फिरून सह्या गोळा करताहेत. मी लगेच केली. पोलीस असता तर त्याच्याशी भांडलो तरी असतो. खांबाशी काय भांडणार?"

"फोटो नीट बघितलात?"

"स्कूटर आपल्यासारखी दिसते. नंबर चोरतात हल्ली."

"आणि खाकी शर्ट?"

"कारखान्याचा शर्ट इथे घरोघरी आहे."

"हँडलला डबा लटकतोय. त्याची पिशवी मी आपल्या विजयाच्या लहानपणच्या फ्रॉकची शिवली होती."

"असेल तसलीच दुसरी."

"अहो, फर्स्ट शिफ्टला निघाला होतात का?"

"वेड लागलंय का तुला? रिटायर होऊन किती वर्षं झाली मला!"

"मग परवा सकाळी कुठे होतात?"

"दूध आणायला गेलो होतो."

"दूध आणलं नाहीत तुम्ही."

"विसरलो असेन. ते सोड. नीळकंठराव संध्याकाळी येतील, तूही सही करून टाक."

"मी नाही करणार."

"का?"

"कॅमेरे काढले, तर पुढच्या वेळी तुम्हाला शोधू कुठे?"

गृहस्थांनी बोटांनी फोटो मोठा करून डब्याची पिशवी पाहिली.

"शशिकला, कारखान्याचं गेट सापडलंच नाही गं मला."