सुपारी खिशात, मशीनी समोर

…आवो, सोयरीक जमवायला गेल्तो का शाळेच्या सहलीला, हेच कळंना आम्हाला! तुम्हाला सांगतो, माणसानं पाव्हण्याकडं जावं, पोहे खावेत, च्या प्यावा, सुपारी फोडावी अन् गपगुमान गावाकडं यावं. पण आमच्या दाजीचं नशीबच वाकडं! दाजी म्हंजे भुजंगराव, कुंभार पिंपळगावचे, माझ्या नंदाअक्काचे मालक. त्यांची लेक सुरेखा. पोरीला पोरगा पसंत, पोराला पोरगी पसंत, फक्त चार माणसांत सुपारी फोडायची राह्यलेली. तेवढ्यासाठी दाजी, अक्का अन् मी, आम्ही तिघं जालन्याला गेल्तो. सुपारी दाजीच्या खिशात, अन् जीव मुठीत.

कारण काय, सुरेखाचं मागचं एक स्थळ असंच हातचं गेलेलं. त्या लोकायनी बी न्हाई म्हणलं न्हाई, नुसतं 'कळवतो, कळवतो', अन् एक दिवस पत्रिकाच आली… दुसऱ्याच पोरीसंगटच्या लग्नाची! तवापासून दाजी ताकबी फुंकून पितेत. समोरचा माणूस खोकला तरी मला विचारतेत, "नकार का रं?"

आता पोराचे वडील भागवतराव. इंजिनिअर होते, रिटायर झालेत. माणूस सोन्यासारखा, पण नाद एकच, जुन्या कारखान्यांची म्यूझियमं! आम्ही दारात चपला काढून राह्यलो तर हे म्हणतेत, "या या! काढू नका, बसू नका! आधी आपलं जुनं जिनिंग बघून येऊ, काय मशीनी जपून ठेवल्यात म्हणता!" बसू नका? बैठकीला आलेल्या पाव्हण्याला बसू नका म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला! दाजीनं माझा दंड धरला, "रामकिसन, बसू नका म्हंजे काय रं?"

गेलो. तिथं कापसाच्या गाठी दाबायची ही एवढी मोठी प्रेस. भागवतराव सांगू राह्यले, "बैलगाड्यांची रांग पार वेशीपस्तोर लागायची, भुजंगराव!" दाजी म्हणले, "वा वा!" मंग लेकीच्या बापानं दुसरं काय म्हणावं? व्याह्याच्या पोह्यात मीठ नसलं तरी आपण झकासच म्हणतो का न्हाई? तेवढ्यात दाजीनं खिशात हात घातला, घसा खाकरला, "त्ये… आपलं… म्हणलं…" की भागवतराव तिकडं पळाले! "हा पट्टा बघा, अस्सल चामडी!" पट्टा बघितला, चाक बघितलं, चाकाचं ग्रीसबी बघितलं, अन् सुपारीचं नाव न्हाई! दाजी मला कोपऱ्यात घेऊन म्हणतेत, "पट्टा तुटका होता. तुटकाच का दाखवला असंल?"

मंग बसा जीपमंदी, चला आष्टीकडं! का? तर तिथं जुनी तेलमिल हाय, तिचंबी म्यूझियम केलंय. रस्त्यात भागवतरावांच्या घरून आणलेला डबा सोडला. धपाटे, ठेचा, दही. मी आपला हाणू राह्यलो, अन् दाजीचा घास तसाच हातात. "रामकिसन, गोड न्हाई केलं रं. जमवायचं असतं तर गोड केलं असतं." अक्का म्हणली, "आवो, उन्हाचं नासतंय म्हणून न्हाई केलं, खा मुकाट्यानं!" पण ऐकतो कोण? तेलमिलीत भागवतराव घाण्याभवती फिरू राह्यले, दाजी त्यांच्यामागं फिरू राह्यले, मी दाजीमागं. तेल न्हाई निघालं, आमचं निघालं! दाजी घाम पुसत "वा वा", पुढं जाऊन "वा वा", अन् सुपारीचं नाव न्हाई!

आता दिवस कलला. मला वाटलं सुटलो. कशाचं काय! "जाता जाता नांगराचा कारखाना बघूच," म्हणले. तिथं शेडमंदी मधोमध ऐरण, ऐरणीवर घण, अन् ही मोठी पाटी, 'हात लावू नये.' भागवतराव म्हणले, "भुजंगराव, ह्या ऐरणीवर पिढ्यान्पिढ्या फाळ घडले…"

अन् तुम्हाला सांगतो, दाजीचं काय बिनसलं कुणास ठाऊक! डोळे फिरले माणसाचे! खिशातली सुपारी काढली, ऐरणीवर ठेवली, दोन्ही हातांनी घण उचलला, "रेणुकामाते, काय व्हायचं ते होऊ दे!" म्हणले… अन् घातला की! ठाण्णदिशी! पत्रे वाजले, पारवे उडाले, सुपारीचा पार भुगा! राखणदार वरडत आला, "ओ काका! पाटी दिसत न्हाई का? जुनी वस्तू हाय ती!" दाजीनं घण खाली ठेवला. अक्कानं डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला. दाजी रडवेल्या आवाजात म्हणले, "माफ करा, पाव्हणं. सकाळधरून नकाराची वाट बघून राह्यलो. आता सोसंना. एकदाचं न्हाई म्हणा."

भागवतराव म्हणले, "न्हाई? आवो, मीबी सकाळधरून वाटच बघून राह्यलो! मुलीच्या बापानं विषय काढावा, म्हणून आम्ही गप. तुम्ही आपलं नुसतं वा वा! मला वाटलं, तुमचं मन भरंना, म्हणून आणखी एक दाखवलं!"

झालं! भुगा गोळा केला, सगळ्यांनी चिमूट चिमूट खाल्ला. राखणदार अजून तणतणूच राह्यला होता, त्यालाबी पंच म्हणून चिमूट दिली, तवा गप बसला. अक्का रडली, दाजी रडले, म्याबी जरा डोळे पुसले, खोटं कशाला बोलू? जमली एकदाची सोयरीक.

लग्न झालं. पोरगी सुखात नांदू राह्यली. दाजीला आता कशाचा घोर हाय सांगा? पण दर रविवारी, कोंबडं आरवायच्या आत, दारात जीपचा हॉर्न, "चला व्याही! तुमच्यासारखा जाणकार दर्दी मला आख्ख्या जिल्ह्यात भेटला न्हाई!" अन् लेकीच्या सासऱ्याला न्हाई म्हणायची छाती कुणाची हाय? सोयरीक मोडायची भीती बिलकुल गेली बघा… आता माणूस रविवाराला भेतो.