चंद्रहासनं सही मागे घेतली

नाही, पण मला सांगा, कुणी दारात येऊन कागद पुढे केला तर माणूस आधी वाचतो की आधी सही करतो? आमचा नवरा आधी सही करतो! पुण्यात सोसायटीच्या पाण्याच्या अर्जावर ठोकायचा, तशीच इथे टोकियोच्या एदोगावात ठोकून मोकळा. वर शिक्का पण उमटवला, कारण इथे सहीशेजारी शिक्का लागतो. म्हटलं, "चंद्रहास, कशावर केलीस?" तर म्हणे, "अगं, खालच्या कोबायाशी-सान होत्या. एक सहीच तर आहे!"

आता या कोबायाशी-सान पंचाहत्तरीच्या, आम्ही नवे होतो तेव्हा कचरा वेगळा कसा करायचा ते त्यांनीच शिकवलं, त्यांना नाही कोण म्हणणार? पण तुम्हाला सांगते, कागदावर काय होतं... तर कोपऱ्यावरचं वाचनालय पाडून पार्किंग करायचं की नाही, यावर लोकांचं मतदान घ्या, अशी मागणी! आणि पार्किंग कुणाला हवंय? आमच्या घरमालकाला! पुढच्या महिन्यात त्याच्याकडे आमचं अ‍ॅग्रीमेंट रिन्यू व्हायचंय, आणि इथे आपल्यासारख्यांना भाड्यानं घर मिळवताना किती नाकी नऊ येतात ते मला विचारा!

चंद्रहासचा चेहराच उतरला. "पण घरमालकाला कळणार कसं?" मग त्यानं ऑफिसातल्या सातो-सानला विचारलं. तो म्हणाला, सह्या तपासून झाल्या की त्या सह्यांच्या वह्या लोकांना बघायला ठेवतात, कुणाला हरकत घ्यायची तर घ्या म्हणून! वर म्हणतो कसा, "पण चंद्रहास-सान, तुम्हाला इथे मताचा हक्कच नाही ना? तुमची सही बाद." म्हणजे बघा हं... मोजणार नाहीत, पण दिसणार! हे कुठलं गणित? म्हटलं, मग मागे घे. तर मागे घेता येते हो, पण वह्या निवडणूक कचेरीत जायच्या आत, आणि ज्यांनी मागणी उभी केली त्यांच्यामार्फतच. कोणी केली? कोबायाशी-साननी! म्हणजे जिला नाही म्हणवलं नाही, तिच्याच दारात जाऊन म्हणायचं, माझी सही परत द्या! आणि जी बादच आहे ती मागे तरी कशी घेतात? एक सहीच तर आहे म्हणे!

गेलो दोघं. त्यांनी चहा ठेवला. हा चहाचंच कौतुक करत बसला, शेवटी मीच सांगितलं. तर ती बाई, अहो, चक्क आमच्यापुढे वाकली! "सुमिमासेन, सुमिमासेन... चूक माझी, मी आधी विचारायला हवं होतं." वही काढली, याच्या नावावर आडवी रेघ मारली आणि हळूच म्हणाली, "आख्ख्या इमारतीत तुम्ही एकटेच लगेच हो म्हणालात. आनंदात विचारायचंच राहिलं." झालं! हा विरघळला. खोटं कशाला सांगू, मीही विरघळले. तरी मी चिमटे काढतेय, उठ, उठ... आणि हा विचारतो, "सही नाही तर नाही, दुसरी काही मदत करू का?"

होतीच की! दर रविवारी स्टेशनबाहेर वाचनालय वाचवायची पत्रकं वाटायची. परवा पहिला रविवार. हा गळ्यात हिरवा पट्टा घालून उभा, आणि जिन्यावरून उतरले कोण? घरमालक! यानं कमरेत वाकून त्यांच्याच हातात पत्रक दिलं. घरी येऊन मला म्हणतो, "अगं, एक पत्रकच तर आहे!"

वहीत होतं तेव्हा निदान नाव शोधावं तरी लागलं असतं हो... आता आख्खा नवराच स्टेशनच्या दारात बघायला ठेवलाय!